पाचोळ्यातला आवाज

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलांना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हे मनात येऊ दिलं नाही — दुसरंच काहीतरी पुटपुटत राहायची, भराभर, म्हणजे मध्ये जागा राहू नये. आता तुम्हाला सांगते. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. ओळखीचं माणूस असतं तर अर्ध्यावरच "अगं, जाऊ दे" म्हणालं असतं. आणि मी जाऊ दिलं असतं. एवढी वर्षं तेच तर करत आले.

सुरुवात कुठून करू? पाखरांपासून करते. ते सोपं आहे.

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीला आमची वाडी होती. होती म्हणते, कारण धरण झालं तेव्हा ती उठली. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या. सासरे होते, त्यांना सगळे आबा म्हणत. नवरा होता आणि धाकटी नणंद हौसा. लग्नाला वर्ष होतंय तोवर नवरा पलटणीत भरती झाला. दुसरी लढाई चालू होती. आमच्याकडं प्रत्येक घरातला एक तरी माणूस गेलेला, त्यामुळे रडण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटत नसे. मागे उरलो आम्ही तिघं.

आबा स्वतः पहिल्या लढाईतले. तिकडं इराकात, बसऱ्याला होते. तोफांनी त्यांचे कान अधू केले होते आणि आता डोळ्यांवरही पडदा चढत चालला होता. डुकरं शेतात घुसतात म्हणून त्यांना ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. एका वेळी एकच बार — दारू भरा, ठासा, छर्रे भरा, परत ठासा. चुकला की संपलं. लढाईच्या त्या दिवसांत धान्य मिळत नव्हतं. नाचणीची भाकरी आणि तिखटाचं पाणी, एवढंच जेवण. रानकोंबडा मिळाला तर तीन माणसांना दोन दिवस सण. पण आबा पहाटे जायचे आणि उन्हं आल्यावर रिकाम्या हातानं परत यायचे. पायरीवर बसून बंदूक पुसत राहायचे, जणू काही दोष तिचाच.

आणि मला, बघा, पाखरं दिसत होती. सरपणाला डोंगरात जायची, तर रोज दिसायची. सासऱ्याशी सुनेनं तोंड वर करून बोलायचं नाही, असा तो काळ. म्हणून मी हौसाला म्हटलं, "आबांना सांग, ते खालनं वर चढत्यात, तिथंच चुकतंय. कोंबडा चढाकडं पळतो, अन् उडतो ते उताराकडं. वरनं खाली या म्हणावं." हौसानं निरोप दिला. तिसऱ्या दिवशी आबा कोंबडा घेऊन आले. करडा, मानेवर पिवळे ठिपके, शेपटीला निळी-जांभळी झाक. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाईला म्हनावं, उद्या संगं चल."

तिथून माझं ते वेड सुरू झालं. वेडच म्हणते मी त्याला. झाडाला टेकून, डोक्यावरून घोंगडं घेऊन, श्वास दाबून मी तासन् तास बसायची. कोंबडे रात्री कुठल्या फांदीवर बसतात, उजाडता उजाडता खाली कसे उतरतात — आधी एक उतरतो, बाकीचे वरून बघत राहतात. धुळीत कुठं लोळतात. वाळवी फुटली की कशा कोंबड्या गोळा होतात. कारवीला बी धरलं त्या वर्षी तर अख्ख्या डोंगरातले कोंबडे आमच्या सड्यावर, वाडीवरच्या खडकाळ माळावर, आले होते. माणसाचा पाय कसा वाजतो आणि गुराचा कसा, हे त्यांना कळतं. मग मीही तसंच चालायला शिकले, गुरासारखं, मध्ये थांबत, फांदी ओढत.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आवाज. पाचोळ्यात कोंबडा दिसत नाही, ऐकूच येतो. तो दोन-तीनदा खरडतो आणि थांबतो. टिपतो. मान वर करून कान देतो. मग परत खरडतो. थांबल्याशिवाय तो खरडतच नाही कधी. न थांबणारा कोंबडा कोल्ह्यानं कधीच खाल्लेला असतो. हे थांबणं मी इतकं ऐकलं होतं, की भाकरी थापतानाही माझे हात त्याच तालात चालायचे. हौसा हसायची. "वैनी, तुमी भाकरी थापताय का खरडताय?"

आबांना दिसत नव्हतं, नीट ऐकू येत नव्हतं. त्यामुळे झालं काय, की बंदूक त्यांच्या हातात आणि बाकी सगळं माझ्याकडं. मी नळीला बोट लावून ती डावी-उजवीकडं सरकवायची. आबा विचारायचे, "हाय न्हवं?" मी म्हणायची, "हाय." परत विचारायचे. दोनदा विचारल्याशिवाय त्यांनी चाप कधी ओढला नाही. पलटणीतली सवय. आणि माझं कधी चुकलं नाही. सांगते ना — एकदाही नाही.

गर्व म्हणजे काय, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बायकांना गर्व करायला होतंच काय? पण होता मला. वाडीतले पुरुष ओट्यावर बसून म्हणायचे, "आबाची सून पाखरांची भाषा जानती." मी पदर पुढे ओढून, मान खाली घालून जायची आणि आतून फुलायची.

हौसा तेव्हा सोळा वर्षांची असेल. मी आले तेव्हा लहान होती. तिची वेणी मी घातली, तिला पहिलं लुगडं मी नेसवलं. लोक म्हणायचे, नणंद-भावजय न्हाईतच ह्या, बहिणी हाईत. खरं होतं ते. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मनात काही आकस असेल. नव्हता. असता तर निदान काहीतरी कारण तरी सापडलं असतं मला.

माघाचे दिवस होते. कडेगावकडचं एक स्थळ हौसाला आलं होतं. मुलगा पलटणीतच. त्याचा चुलता, निवृत्त सुभेदार, बघायला आला आणि मुलगी पसंत पडली म्हणून मुक्कामाला राहिला. भरघोस मिशांचा, मोठ्यानं बोलणारा माणूस. रात्री जेवताना आबांनी कौतुकानं माझ्या शिकारीची गोष्ट काढली. सुभेदार घास थांबवून हसला. "बायामानसानं दावलेली शिकार? मग चुलीत कोन फुकतंय, तुमी?"

आबाही हसले. पाहुणा होता. पण मी आत परातीशी बसले होते आणि माझे कान तापले. त्या माणसाला उद्या दाखवतेच, असं मनात आलं. एवढंच. इतकी लहान गोष्ट, बघा.

पहाटे आम्ही निघालो. पुढे मी, मागे आबा, त्यांच्यामागे सुभेदार. हौसाला सांगून गेले, "भाकरीचं बघ, आम्ही उन्हं यायच्या आत येतो." सरपण थोडंच होतं घरात. आदल्या दिवशी आणायचं ते मी आणलं नव्हतं — संध्याकाळभर कोंबडे कुठल्या झाडावर चढतात ते बघत बसले होते, पाहुण्यासाठी.

आणि त्या झाडाखाली काही झालं नाही. सुभेदाराला खोकला आला. एक नाही, दोन नाही, उबळच. वर फडफड झाली आणि सगळे कोंबडे उताराला उडून गेले, दरीत, नजरेआड. त्यानं विडी पेटवली आणि म्हणाला, "आबासाहेब, सून आपल्याला पाखरं दावती, का पाखरांस्नी आपल्याला दावती?"

आबांनी मान खाली घातली. मला वाटतं, त्यांना माझ्यासाठी लाज वाटली. ती मला सहन झाली नाही. मी म्हटलं, "अजून एक जागा हाय." सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर, मोठ्यानं म्हटलं.

वाडीच्या वरच्या ओढ्याला एक करवंदीची जाळी होती, मागे जांभळीची झाडं, खाली गुडघाभर पाचोळा. तिथंही कोंबडे यायचे, पण उशिरा, ऊन पडल्यावर. मला ठाऊक होतं की एवढ्यात यायचे नाहीत. तरी नेलं. आम्ही दगडाआड बसलो. सुभेदार थोडा मागे, विडी विझवून. उजाडलं होतं, पण झाडांखाली अजून करडंच होतं सगळं.

आणि जाळीच्या पलीकडं पाचोळा वाजला.

इथं मला थांबावंसं वाटतंय. थोडं थांबू द्या.

वाजला — आणि वाजतच राहिला. खरड, खरड, खरड, खरड. मध्ये थांबणं नाही. कान देणं नाही. मी ऐकत होते. मला अजून तो आवाज तसाच्या तसा ऐकू येतो. कोंबडा नव्हता तो. हे मला पहिल्या क्षणाला कळलं होतं, नंतर नाही, रक्त बघून नाही. पहिल्या क्षणाला. काय आहे ते मला ठाऊक नव्हतं — एखादं ढोर असेल, साळिंदर असेल, कुणी बाई सरपण गोळा करत असेल. होय, हेही मनात आलं. बाई असेल, हे मनात आलं. त्या वेळी वाडीतल्या बायका तिथंच जायच्या, मी स्वतः जायची.

आबांनी कुजबुजून विचारलं, "हाय न्हवं?"

माझ्या मागे तो माणूस बसला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आता 'नाही' म्हटलं की तो हसणार. त्याचं हसू जाळीपर्यंत जाईल, घरापर्यंत येईल, जेवताना निघेल, कडेगावला जाईल.

मी म्हटलं, "हाय."

आणि बोटानं नळी जराशी डावीकडं सरकवली.

आबांना नीट ऐकू आलं नसावं. किंवा त्यांची ती सवय. त्यांनी परत विचारलं, "नक्की?" म्हणजे मला दुसरी संधी मिळाली होती. कुणाला मिळते अशी? मी जरा मोठ्यानं म्हटलं, "व्हय. मारा."

बार उडाला. धूर झाला. आणि धुरातून जे ओरडणं आलं ते पाखराचं नव्हतं, आणि ते कुणाचं आहे हे मला लगेच कळलं, कारण त्या गळ्यातलं हसू, रडणं, गाणं सगळं मला पाठ होतं.

मी धावले की नाही, आठवत नाही. एवढं आठवतं, की हौसा पाचोळ्यात बसली होती, शेजारी काटक्यांची अर्धी मोळी, आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. बोटांमधून रक्त येत होतं. ती म्हणत होती, "वैनी, दिवा लावा. वैनी, दिवा लावा." वर आभाळ लख्ख उजळलं होतं.

घोंगड्याच्या झोळीत घालून तिला पाटणला नेलं, तिथून मोटारीनं मिरजेच्या दवाखान्यात. छर्रे बरेचसे काढले. डोळे गेले, दोन्ही. कडेगावच्या लोकांनी निरोप पाठवला, पुढं बोलणं नको. त्यांचंही काय चुकलं?

चौकशी झाली. फौजदारासमोर आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मला दिसत न्हाई. बंदूक उचलायलाच नको हुती. चूक माजी." सून होती का बरोबर, असं फौजदारानं विचारलं. आबा म्हणाले, "वाट दावायला हुती." सुभेदार म्हणाला, आंधळ्या माणसाच्या हातात बंदूक म्हणजे आणखी काय होणार. बंदूक जमा झाली. आणि मी? मी पदराआड उभी होते. मला कुणी विचारलं नाही, हे खरं. पण विचारलं असतं तर? मी हा प्रश्न स्वतःला विचारते आणि उत्तर मला ठाऊक आहे.

आबा त्यानंतर मटणाच्या ताटावर बसले नाहीत. पायरीवर बसून असायचे, हात मोकळे, पुसायला काही नाही. एकदा मी पाणी घेऊन गेले तर घरात पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याशी बोलायला सुरुवात केली, निरोप्याशिवाय.

"पारू," म्हणाले. नावानं कधी हाक मारली नव्हती त्यांनी. "तू हाय म्हनलीस. पर जाळीआडचं तुला तरी काय दिसनार?"

आणि थांबले. तांब्या माझ्या हातात होता.

मी म्हटलं, "न्हाई दिसलं, मामंजी."

ते "बरं" म्हणाले आणि पाणी प्यायले.

लढाई संपली, नवरा परत आला. बहिणीला बघून तो उंबऱ्यातच खाली बसला. मग उठून बापासमोर गेला. "दिसत न्हवतं तर बंदूक उचललीच कशाला?" आबा पायरीवर. मी चुलीशी. चार पावलांचं अंतर, आणि एक वाक्य. ते मी बोलले नाही. त्या दिवसापासून नवरा बापाशी बोलला नाही. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, दोन वर्षं. आबा गेले तेव्हा त्यानं खांदा दिला, पण तोंडात पाणी घालताना त्याचा हात कापला नाही. मी बघत होते. बापाला मुलापासून मी तोडलं होतं, आणि मी बघत होते.

हौसा आमच्याजवळच राहिली. वाडी उठल्यावर आम्ही सांगलीकडं आलो, तिथंही ती बरोबर आली. चाचपत चाचपत सगळं शिकली. दळण, निवडणं, वाती. माझी तिन्ही मुलं तिच्या मांडीवर वाढली. आणि लोक मला म्हणायचे — हे मला सगळ्यांत जड जातं सांगायला — लोक म्हणायचे, भावजय असावी तर अशी, आईगत सांभाळलं आंधळ्या नणंदेला. एकदा कुठल्याशा हळदीकुंकवाला माझी ओटी भरून चारचौघींत मला हे ऐकवलं. मी ओटी घेतली. घरी आणली. तिच्यातलं खोबरं हौसाला दिलं.

तिनं मला कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, तिला काही ठाऊकच नाही.

एका दुपारी आम्ही दोघी पडवीत बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. तोवर आमच्या दोघींचे केस पिकले होते. नवरा वारला होता. मुलं आपापल्या कामाला. हौसा एकदम म्हणाली, सहज, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तशी, "वैनी, एक सांगू? म्या त्या दिशी तुमचा आवाज ऐकला हुता."

माझे हात थांबले.

"तुमी म्हनलासा, व्हय, मारा. शबूद न्हाई कळलं तवा, नुसता आवाज कळला. मला वाटलं, वैनी हाक मारती. म्हनून तर त्वांड वळवलं म्या."

काय सांगू तुम्हाला. पाठमोरी होती ती. पाठीला छर्रे बसले असते, दंडाला बसले असते, बरे झाले असते. माझा आवाज ओळखून ती वळली. माझ्याकडं तोंड केलं तिनं — हसलीही असेल.

"कुनाला बोलले न्हाई," ती म्हणाली. "भाऊला बी न्हाई. तुमाला उगा बोल लागला आसता. मानूस चुकतंय की. पाखरूच वाटलं आसंल तुमास्नी."

आता. आता सांगायचं होतं. ऐकणारं जिवंत माणूस समोर होतं, हात धरता येईल एवढ्या अंतरावर. बाकी सगळे गेलेले. कुणाची भीती नाही, कुणी हसणार नाही. आणि मी काय म्हटलं?

"व्हय गं. पाखरूच वाटलं मला."

तिनं मान हलवली. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"आबास्नी बी तेच सांगायचे मी," ती म्हणाली. "ते सारखं म्हनायचं, पारू कदी चुकली न्हाई. पाचोळ्यात ती कदीच चुकली न्हाई. मी म्हनायचे, आवं आबा, त्या दिशी चुकली आसंल. लय येळा सांगितलं म्या. ऐकायचं न्हाईत."

मी पुढची शेंग उचलली.